एस्टीमचं इंजिन खोललंच आहे, तर १.३ ठेवायचं की १.६ घालायचं?

जुन्या मारुती एस्टीमला स्पोर्ट्स कार म्हटलं तर शोरूमवाले हसतील. हसू देत. वजन नऊशे किलोच्या आत, सोळा व्हॉल्व्हचं ८५ बीएचपीचं इंजिन आणि आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्र्यांना तोंडपाठ असलेली रचना, एवढं या पैशात दुसरं काय मिळतं? तर अशी गाडी निळा धूर सोडायला लागली, म्हणजे ऑइल जाळायला लागली की मालकाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो: खोलायचंच आहे, तर थोडं मोठं का करू नये?

वाटा दोन. एक, आहे तेच १.३ लिटरचं जी१३बीबी नीट बांधायचं. दुसरी, भंगारात निघालेल्या जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं जी१६बी आणून बसवायचं. (बलेनो म्हणजे १९९९ ते २००७ मधली सेडान, आताची हॅचबॅक नव्हे.) टर्बोची तिसरी वाटही कुणीतरी सुचवेलच. त्यात पिस्टनपासून ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणारा संगणक) सगळंच बदलावं लागतं, म्हणून ती इथे सोडून देतो.

आधी आकडे, कारण 'बोअर मारून सीसी वाढवूया की' हे वाक्य गॅरेजात फार स्वस्तात मिळतं. एस्टीमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५; सीसी १२९८. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर १३१६. अख्खा एक मिलिमीटर तासला तरी १३३४. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या). ते पातळ करून हाती येतात पस्तीस सीसी. कंपनीने ०.२५ आणि ०.५० ही ओव्हरसाइज मापं दिली ती झिजलेलं सिलिंडर पुन्हा गोल करायला, ताकद वाढवायला नव्हे. उलट बलेनो बघा: बोअर ७५, म्हणजे फक्त एक मिलिमीटर जास्त, पण स्ट्रोक ९०, आणि सीसी १५९०. सगळी करामत क्रँकची आहे, कारण स्ट्रोक तोच ठरवतो. तो क्रँक काढून एस्टीमच्या ब्लॉकमध्ये टाकू म्हणाल, तर एवढ्या लांब स्ट्रोकसाठी बलेनोचा ब्लॉकच उंच केलेला आहे. म्हणून आणायचं तर पूर्ण इंजिन, सोबत त्याचं वायरिंग आणि ईसीयू. आणि बॉनेटखालची उंची आधी मोजून.

चालवताना फरक कुठे जाणवतो? कागदावर बलेनोची ताकद नव्वदीच्या घरात, म्हणजे ८५ पेक्षा फार नाही. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मात्र एस्टीमचा सुमारे ११० न्यूटन मीटर, बलेनोचा सुमारे १३०. जांबोटीवरून चोर्ल्याला जाताना किंवा निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना हा टॉर्कच कामाला येतो. गिअर न उतरवता गाडी ओढत राहते. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. हवा पणजीपेक्षा सात-आठ टक्के विरळ, म्हणजे तेवढी ताकद आपण घरातून निघतानाच गमावलेली असते. मोठ्या इंजिनात ही तूट कमी बोचते.

१.३ ची मजा वेगळी आहे. ६५०० आरपीएमला बलेनोच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर होतो. एस्टीमचा पिस्टन तेवढ्याच वेगाला पोचतो तो ७७५० वर. छोटा स्ट्रोक वर फिरायला हलका असतो, म्हणून १.३ वर खर्च करायचा तो मुख्यतः हेडवर (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हचं झाकण): हवेचे मार्ग म्हणजे पोर्ट साफ करून घेणं, व्हॉल्व्ह सीट नीट कापणं, फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ थोडा तासून, कॉम्प्रेशन थोडं चढवणं, आणि सोबत क्रँक-फ्लायव्हील बॅलन्स करणं. कास्टिंग आणि मशिनिंगवर जगणाऱ्या गावात हे काम करणारे हात मिळतात. बेळगावात जमलं नाही तर कोल्हापूरला शिरोली एमआयडीसी आहेच. मात्र पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. पिस्टन मोजायचा आणि त्याप्रमाणे बोअर करायचा. उलट केलंत तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) नशिबावर राहतो.

सुट्या भागांत १.३ सरळ पुढे आहे. हेच इंजिन जिप्सीत होतं आणि जिप्सी लष्करात, त्यामुळे आपल्या लष्करी कॅम्पच्या गावात त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. बलेनो मुळातच कमी विकली गेली. शिवाय भंगारातलं इंजिनही वीस वर्षं जुनं असतं, म्हणजे तेही खोलावंच लागणार: दोन इंजिनांचा खर्च, गाडीत एक.

आता कागद, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोर वाचलं. बेळगावच्या केए-२२ आरसीवर १२९८ सीसी आणि आत कोल्हापूरच्या एमएच-०९ मधून आलेलं १५९० चं इंजिन, नंबरही वेगळा! पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओपुढे उभं राहावं लागतं. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण. म्हणून रोज रस्त्यावर फिरणाऱ्या, गोव्याला-कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत १.३ च ठेवा, असं मी स्पष्ट सांगेन.

गाडी ट्रेलरवरून नेऊन फक्त ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानावरची वेळेची शर्यत) पळवणार असाल तर १.६ घ्या. तिथे एक मेख आहे. स्पर्धांमध्ये वर्ग अनेकदा १४०० आणि १६०० सीसीवर बदलतो. १३३४ चं एस्टीम इंजिन आरामात १४०० च्या आत राहतं. बलेनोचा बोअर नुसता ०.२५ ने वाढवला तरी १६०१ होतात. तेव्हा त्या स्पर्धेच्या नियमांत घासलेल्या सिलिंडरला किती सूट आहे ते वाचा, आणि शक्यतो मूळ ७५ च्या मापात बसणारा, न तासलेला ब्लॉकच शोधा.

कुठलंही इंजिन बांधा, पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील नवे टाका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं म्हणून अभिमान बाळगायला हरकत नाही) आणि या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. तेवढ्याच उष्णतेसाठी सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सरवाला ईसीयू ते जुळवून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र आत भरलेल्या ठरावीक तक्त्यावर चालतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कॉम्प्रेशन चढवलेल्या इंजिनाला हे विशेष महागात जातं, म्हणून रनिंग-इन (नव्या बांधलेल्या इंजिनाचं सुरुवातीचं जपून चालवणं) संपलं की घाटात नेण्याआधी एअर-फ्युएल मीटर लावून एकदा पूर्ण लोडवर तपासून घ्या.