माहीमचा 'सर्वधर्म' वॉक: जा, पण बुधवारीच

एका ग्रुपचा माहीमचा गाइडेड वॉक केला, ग्रुपचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. जाहिरातीत 'सर्वधर्मसमभाव' भल्यामोठ्या अक्षरात, तेव्हाच धास्ती वाटली होती, आणि झालंही तसंच, सुरुवातीलाच भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं करून एकात्मतेवर लेक्चर. अरे बाबा, पैसे भरून आलोय ना आम्ही, आम्हाला काय पटवतोस.

पण सेंट मायकल चर्चला पोचलो आणि मजा यायला लागली. बुधवार म्हणजे नोव्हेनाचा (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेचा) दिवस, 1948 पासून चालू आहे हे. ख्रिश्चन लोक तर असतातच, पण मंगळसूत्रवाल्या बायका, बुरख्यातल्या बायका, ऑफिसला दांडी मारून आलेली पोरं, सगळे एकाच गर्दीत. आपल्याकडे सोळा सोमवार तसे इथे नऊ बुधवार. बाहेर स्टॉलवर मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ मिळतं, ज्याचं जे मागणं ते घ्यायचं आणि वाहायचं. माझ्या पुढच्या काकूंनी घर उचललं आणि विकणारीला म्हणाल्या, "यात टू बीएचके नाही का गं?" दोघी खो खो हसल्या. गाइड इथे गप्प बसला, त्याचे फुल मार्क.

मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यात मात्र घाई घाई केली, रुमाल डोक्यावर बांधेपर्यंत निघायची वेळ. डिसेंबरच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, ही एवढी भारी गोष्ट त्याने चालता चालता उरकली, मागच्यांना ऐकूसुद्धा गेली नाही. माईक घ्या रे एक. शितळादेवीच्या देवळात पण तेच, दर्शन आणि चला.

शेवट माहीम कॉजवेच्या गोष्टीवर, ती मस्त सांगितली. माहीम-वांद्रे मधे खाडी, होड्या उलटायच्या, सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी जमशेटजी या पारशी बाईंनी स्वतःचे लाखाच्या वर रुपये घातले आणि 1845 मध्ये रस्ता सुरू झाला. अट एकच, टोल घ्यायचा नाही, कुणाकडूनच. टोल म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधला ठाण्याचा एक जण जे सुटला ते स्टेशनपर्यंत.

5 पैकी साडेतीन. पाण्याची बाटली आपली आपण न्या आणि बुधवारचीच बॅच घ्या, बाकीच्या दिवशी एवढे पैसे देऊ नका.