शेंगेनचा ९० दिवसांचा कॅल्क्युलेटर: मोजणी चोख, पण व्हिसा तुम्हीच वाचायचा

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा, आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट. तिथल्या मुक्कामाचे दिवस मोजायला युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर 'शॉर्ट-स्टे कॅल्क्युलेटर' आहे. फुकट आहे, लॉगिन नाही, पासपोर्ट नंबरही विचारत नाही. आधीच्या फेऱ्यांच्या प्रवेशाच्या आणि बाहेर पडण्याच्या तारखा भरायच्या, ज्या दिवसाचा हिशेब हवा ती तारीख द्यायची, की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा नियम मोडतोय का ते कळतं. वर्षातून एकदा दहा दिवसांच्या टूरला जाणाऱ्याला याची गरजच नाही. पण दोन-तीन फेऱ्या करणाऱ्यांनी हा हिशेब बोटांवर करू नये.

कारण हे १८० दिवस म्हणजे कॅलेंडरची सहामाही नव्हे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागे १८० दिवस मोजायचे. म्हणजे ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. १८ ऑक्टोबर २०१३ पूर्वी पहिल्या प्रवेशापासून सहा महिने धरत असत. जुने प्रवासी अजूनही तेच गणित सांगतात, आणि ऐकणारा फसतो.

एक उदाहरण घ्या. १ ते ३० मार्च आणि १ ते ३० जून अशा दोन फेऱ्या झाल्यात आणि १५ ऑगस्टला पुन्हा जायचंय. त्या दिवशी चौकट १७ फेब्रुवारीपासून सुरू होते, म्हणजे ६० दिवस खर्ची पडलेले. कुणीही म्हणेल, ३० उरले. पण २८ ऑगस्टपासून मार्चचा एकेक दिवस मागून गळायला लागतो आणि २६ सप्टेंबरपर्यंत सगळा मार्च बाहेर पडतो. त्यामुळे १५ ऑगस्टला आत गेलेला माणूस १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सलग ६० दिवस, नियमात राहू शकतो. अर्थात व्हिसा तेवढ्या दिवसांचा असेल तर. हा गळतीचा हिशेब कागदावर करताना भलेभले चुकतात. या साधनाची खरी किंमत इथे कळते.

चुकीचं उत्तर येतं ते बहुतेक वेळा चुकीच्या तारखांमुळे. तिकिटावरची नाही, सीमेवर नोंद झालेली तारीख भरायची. विमान फ्रँकफर्टला बदलून रोमला जात असाल तर प्रवेश फ्रँकफर्टला होतो. परतीला शेंगेनमधला शेवटचा विमानतळ कोणता, ते पाहायचं. रात्री ११.५० ला आत गेलात तरी तो पूर्ण दिवस. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. इमिग्रेशन न ओलांडता विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातच थांबून पुढे गेलात तर तो दिवस भरायचा नाही. राष्ट्रीय दीर्घ मुदतीच्या व्हिसावर किंवा निवास परवान्यावर काढलेले दिवसही वगळायचे. बल्गेरिया आणि रोमानियातले दिवस ३१ मार्च २०२४ पासून धरतात. आयर्लंडचे धरत नाहीत, ते शेंगेनमध्ये नाही.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. हा कॅल्क्युलेटर तुमचा व्हिसा विचारतच नाही. व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात: कधीपासून कधीपर्यंत वैध, मुक्कामाचे दिवस किती आणि प्रवेश किती. समजा वैधता १ मे ते ४ जून, दिवस २० आणि प्रवेश १. इथे ३५ दिवस राहता येईल असं वाटणं ही नेहमीची चूक. जादाचे १५ दिवस तारीख मागेपुढे झाली तर असावेत म्हणून दिलेले असतात; राहायचं २० दिवसच. कॅल्क्युलेटर मात्र ९० मोकळे दाखवेल. प्रवेशाचंही तसंच. पॅरिसहून झुरिकला गेलात तर नवा प्रवेश होत नाही, पण मध्येच दोन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं ठरवलंत तर एक प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपला. (लंडनचा व्हिसा वेगळा लागतो, हे अनेकांच्या लक्षात तिकीट काढल्यावर येतं.)

पासपोर्टचंही हे साधन बघत नाही. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने वैध हवा आणि गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात.

मोजणीला पैकीच्या पैकी गुण, समजावून सांगण्यात काठावर पास. शिवाय उत्तराला कायदेशीर वजन नाही; ते फक्त मदतीसाठी आहे, निर्णय सीमेवरचा अधिकारी घेतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (एंट्री/एक्झिट सिस्टीम) ही सीमेवर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्यांची जागा संगणकातली नोंद घेते, तेव्हा आपल्या तारखा पासपोर्ट उलटून सापडतील या भरवशावर राहू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि प्रत्येक फेरीच्या दोन तारखा त्याच दिवशी लिहून ठेवा. शेवटचे दोन-तीन दिवस हाताशी राखून परतीचं तिकीट काढा, कारण विमान रद्द झालं तरी दिवस मोजले जातातच.