वेंगुर्ल्यातलं भाड्याचं वाचनालय: भयकथांच्या एका कपाटासाठी

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतलं हे खासगी वाचनालय एका खोलीचं. अनामत ३०० रुपये, महिन्याची वर्गणी ८० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत १० दिवस. चरित्रं, पाककृती, दिवाळी अंक सगळीकडे असतात तसेच. इथे यायचं ते डाव्या भिंतीच्या लोखंडी कपाटासाठी. त्याचे पाचही खण भयकथा, गूढकथा आणि डार्क फँटसीने भरलेले आहेत.

पुस्तकं लेखकवार लावलेली नाहीत, भीती कशाची आहे त्यावरून लावली आहेत. सर्वांत वर घराची भीती: वाडे, बंद खोल्या, वारसाहक्काने गळ्यात पडलेल्या वस्तू. त्याखाली माणसाची. तिसऱ्या खणात दुसऱ्या जगांच्या कथा, चौथ्यात भाषांतरं आणि रूपांतरं, तळाला लोककथा. त्यामुळे भयकथाकार नारायण धारप तीन खणांत विखुरलेत, आणि एखादं पुस्तक शोधायला पाच मिनिटं जास्त लागतात. तरी मांडणी हीच बरोबर. धारपांच्या 'समर्थ' कथांत समर्थ हा तारणारा नायक येणार हे ठाऊक असतं, म्हणून तिथे लक्ष ठेवायचं ते त्याच्या उपायावर आणि त्या उपायाला पडणाऱ्या मोलावर. त्यांच्या स्वतंत्र कादंबऱ्यांत असा भरवसा नसतो. दोन्ही एकाच ओळीत ठेवली की वाचक एकीची अपेक्षा दुसरीकडे घेऊन जातो आणि हिरमुसतो. रत्नाकर मतकरी बहुतेक दुसऱ्या खणात आहेत. त्यांची गूढकथा एका बैठकीत संपवावी. सुरुवातीला सहज येऊन गेलेला तपशील शेवटी अंगावर येतो, आणि मध्ये दोन दिवस गेले तर तो आठवतच नाही.

चौथ्या खणातल्या धारपांच्या 'लुचाई'वर चिठ्ठी आहे: स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' या रक्तपिपासू व्हँपायरच्या कादंबरीवर बेतलेली. ही चिठ्ठी फार उपयोगाची. दोन्ही लागोपाठ वाचा. मूळ कथेत क्रूस आणि पवित्र पाणी चालतं, मराठी गावात त्यांच्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न रूपांतरकाराला सोडवावाच लागतो. तो कसा सोडवलाय हे पाहण्यातच निम्मी मजा आहे.

पण खरा ठेवा तळाच्या खणात. ब्रिटिश अधिकारी एन्थोवेनने १९१५ साली छापलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांचा कोकणाविषयीचा इंग्रजी खंड इथे झेरॉक्स करून बांधून ठेवलाय. टिपणं जमवायला सुरुवात केली होती ती जॅक्सनने, नाशिकला १९०९ मध्ये ज्याचा वध झाला तोच कलेक्टर. माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली. त्यात भुतांच्या जाती आहेत: गिऱ्हा पाण्यातला, मुंजा पिंपळावरचा. खवीस, झोटिंग, देवचार, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. हा खंड चाळला की आजची कोकणी भयकथा कुठे कच्ची आहे ते पटकन कळतं. इथे ज्याची भीती वाटते तोच पुष्कळदा राखण करतो. जवळच्या आरवलीत भुताखेतांचा स्वामी मानलेल्या वेतोबाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. देवचार दिसेल त्याला मारत सुटतो अशी कथा म्हणूनच उसनी वाटते. कुणाचा मान चुकला, कुणी देवाला घातलेलं गाऱ्हाणं विसरलं, इथून निघालेली कथा मात्र पकड घेते.

आता तक्रार. पावसाळ्यात कपाटात ४० वॅटचा बल्ब पेटता ठेवतात. युक्ती चांगली आहे, हवा तापली की दमटपणा उतरतो. पण दारं घट्ट लावलेली, आणि पुस्तकं मागच्या पत्र्याला टेकलेली. लाईट गेली की आतली कोंडलेली हवा निवते आणि ओल पत्र्यावर धरते, तिथून ती पानांत शिरते. दार बोटभर उघडं आणि मागे दोन इंच जागा, एवढं केलं तरी निम्मं नुकसान टळेल. खणांत डांबरगोळ्या ठेवल्यात. त्यांनी कसर दूर राहते, बुरशीला काही होत नाही. बुरशीचं पुस्तक हातात आलंच तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो. सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग नाकाला रुमाल बांधून पडवीत मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. उन्हात टाकलं तर हलका कागद पिवळा पडून वाकतो.

त्याहून वाईट म्हणजे काही जुन्या प्रतींतून अख्खे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, गळालेत. दुसरं कुठलं पुस्तक शेवटच्या १६ पानांशिवाय निभावेल, भयकथा नाही निभावत. नोंद करण्याआधी काउंटरवरच तपासा. पानांचे आकडे सलग आहेत ना ते पाहा, विशेषतः शिवण सैल झालीय तिथे. जुन्या छपाईत फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, ते आकडेही ओळीने यायला हवेत. शेवटचं पान मात्र न वाचता मोजा. पानं कमी निघाली तर प्रत बदलून देतात, कुरकुर करत नाहीत.

बांधीव झेरॉक्स घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायची. खिडकीजवळ एकच खुर्ची आहे, आणि संध्याकाळी सहानंतर तिथला उजेड पुरत नाही.