जुन्या बेसबॉल कार्डावर सही: पोस्टाने मागवायची की समोर जाऊन घ्यायची?

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असाल तर एवढं वाचूनही काम होईल. (बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, गोळा करून ठेवायचं छोटं कार्ड.) कार्ड १९५० ते ७० च्या काळातलं आहे, खेळाडू फार नावाजलेला नाही आणि कार्ड गेलं तरी झोप उडणार नाही, तर पोस्टाने पाठवा, आणि लवकर पाठवा. खेळाडू हॉल ऑफ फेममधला (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतला) आहे किंवा तसं कार्ड पुन्हा हाती लागणं अवघड आहे, तर पोस्टाच्या वाटेला जाऊ नका, कार्ड शोला (कार्डांच्या प्रदर्शन-विक्रीला) जा आणि डोळ्यांदेखत सही घ्या. बरेच जण एकच पद्धत धरून बसतात, ते मला अजिबात पटत नाही, हे दर कार्डाला आणि दर माणसाला वेगळं ठरवायचं असतं.

पोस्टाचं काम कसं चालतं ते नवीन लोकांसाठी थोडक्यात. खेळाडूला छोटंसं पत्र लिहायचं, सोबत एखाद-दोन कार्डं ठेवायची आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट टाकायचं, बस. अमेरिकेतले कलेक्टर याला टीटीएम (थ्रू द मेल, म्हणजे पोस्टाने) म्हणतात. रिटायर झालेल्यांना पत्र बहुतेक घरच्या पत्त्यावर जातं. कोणी सही करून पाठवली, किती दिवसांनी आली, पैसे मागितले का, याच्या नोंदी कलेक्टर लोक आपापसात ठेवतात आणि पाठवायच्या आधी त्या बघायच्याच, कारण गेल्या वर्षभरात कोणालाच उत्तर आलं नसेल तर आपल्याला येईल ही आशा धरण्यात अर्थ नाही. खर्च म्हणाल तर अमेरिकेत साध्या पत्राचं तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंट झालं, म्हणजे त्या दराने जाऊन-येऊन दीड डॉलरच्या थोडं वर. फक्त पाकीट कडक झालं, वाकेना, तर पोस्ट जादा पैसे लावतं, आणि पाव इंचापेक्षा जाड झालं तर ते साधं पत्र राहतच नाही.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्याकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीची १९५२ ते १९५६ ची कार्डं आजच्या कार्डांपेक्षा मोठी आहेत, आजचा अडीच बाय साडेतीन इंचाचा साईज १९५७ ला आला. त्यामुळे १९५४ चं कार्ड नेहमीच्या पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) कोंबलं की कोपरा गेलाच म्हणून समजा. मी त्यासाठी मोठ्या स्लीव्ह वेगळ्या आणून ठेवते. कार्ड स्लीव्हमध्ये, दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा, आणि सगळं नुसतं पत्राच्या घडीत ठेवायचं, टेप लावायची नाही, कारण उघडणारा माणूस ऐंशी-नव्वदीचा आहे, त्याला नखाने टेप सोलत बसायला लावू नका. सही कुठे हवी ते सांगायचं असेल तर चिकट चिठ्ठी स्लीव्हवर लावायची, कार्डावर कधीच नाही. परतीच्या पाकिटात पण तसाच पुठ्ठा आधीच घालून ठेवायचा, नाहीतर येताना कार्ड पोस्टाच्या मशिनमधून वाकून येतं.

पत्र हाताने लिहा, अर्ध्या पानाच्या वर नको. 'मी तुमचा सगळ्यात मोठा फॅन' हे वाक्य त्या माणसाने हजारदा वाचलंय, त्यापेक्षा त्याच्या एखाद्या मॅचबद्दल, एखाद्या सीझनबद्दल नेमकं काहीतरी विचारा. मोठ्या स्टारला रोज ढिगाने पत्रं येतात, पण १९५८ च्या सुमारास दोन सीझन खेळून नंतर गावात इन्शुरन्स विकलेल्या एखाद्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) आपलं कार्ड कोणीतरी जपून ठेवलंय याचंच अप्रूप असतं. असे लोक सहीबरोबर कधीकधी दोन ओळी लिहून पाठवतात, कोणाला आउट केलं, कोणी आपल्याला धुतलं, आणि माझ्या मते त्या दोन ओळींसाठीच टीटीएम करावं. कार्ल अर्स्किन, ब्रुकलिन डॉजर्सचा, ज्याने १९५३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एका मॅचमध्ये १४ जणांना स्ट्राईक आउट केलं होतं, तो वर्षानुवर्षं आलेल्या पत्रांना उत्तर देत राहिला. एप्रिल २०२४ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी गेला. बॉबी शांट्स, १९५२ चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू), तोही असाच पोस्टाने सह्या देणारा म्हणून ओळखला गेला. अशा माणसांना शोधत शोमध्ये फिरलात तर भेटणं कठीण, पोस्टानेच ते तुमच्या घरी येतात.

आता पोस्टाची दुसरी बाजू. कार्ड जातं आणि येतच नाही, हे होतं. दोन आठवड्यांनी येईल, दीड वर्षाने येईल, आपण विसरून गेल्यावर येईल, पत्ता जुना निघाला तर न उघडता परत येईल. शाई ओली असताना कार्ड स्लीव्हमध्ये सरकवलं की सहीचा ठसा प्लास्टिकला लागतो, आणि त्याला कोणी काही करू शकत नाही, कारण आपण तिथे नसतो. मुख्य म्हणजे सही त्यानेच केली का हे आपण पाहिलेलं नसतं. घरातल्या कोणीतरी किंवा सेक्रेटरीने केलेल्या सह्या, रबरी शिक्का, हुबेहूब सही उमटवणारं ऑटोपेनचं मशीन, हे सगळं मोठ्या नावांच्या बाबतीत चालत आलंय. ऑटोपेन ओळखायचं असेल तर एकाच माणसाच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरा, रेघ न रेघ जुळली तर मशिनची, माणसाचा हात दोनदा तशीच सही करू शकत नाही. छोट्या खेळाडूच्या नावाने खोटी सही करण्यात कोणाला काय मिळणार, म्हणून तिथे ही भीती फारच कमी, आणि म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की फार नाव नसलेल्यांसाठी पोस्ट बेस्ट.

समोर जाऊन घ्यायची म्हणजे तीन जागा. पहिली जागा म्हणजे कार्ड शो. सगळ्यात मोठा 'नॅशनल' नावाचा, १९८० ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, दर उन्हाळ्यात असतो आणि शहर बदलत राहतं. तिथे खेळाडूच्या सहीचं तिकीट आधी विकत घ्यायचं, काहींचं दोन आकडी डॉलरमध्ये भागतं, मोठ्या नावांचं शेकड्यांत जातं, आणि सहीखाली काही लिहून हवं असेल, समजा फर्गी जेंकिन्सकडून 'हॉल ऑफ फेम १९९१', तर त्याचे वेगळे पैसे. दुसरी जागा न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाउन, जुलैअखेरीस नवीन खेळाडूंना हॉल ऑफ फेममध्ये घेतात तो वीकेंड. एवढंसं गाव, मेन स्ट्रीटवर दुकानांच्या आत-बाहेर टेबलं लावून जुने खेळाडू सह्या देत बसलेले, आणि हॉल ऑफ फेमर्स उतरतात त्या ओटेसागा हॉटेलच्या आसपास कार्डं हातात घेऊन उभे असलेले लोक. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना गाडीने साडेतीन-चार तासांत जमतं, एकदा तरी जाच, त्या एका रस्त्यावर जेवढे हॉल ऑफ फेमर्स दोन दिवसांत दिसतात तेवढे दुसरीकडे कुठे दिसायचे नाहीत. तिसरी जागा फेब्रुवारी-मार्चमधलं स्प्रिंग ट्रेनिंग, फ्लोरिडा आणि ॲरिझोनात, जिथे काही जुने खेळाडू टीमबरोबर तरुणांना शिकवायला येतात आणि कुंपणाशी थांबून फुकट सही देतात, पण तिथे कोण येईल, कोण थांबेल याची काही गॅरंटी नाही.

टेबलावर काय होतं ते नीट समजून जा, कारण सगळा खेळ वीस-तीस सेकंदांचा असतो. कार्ड आधीच स्लीव्हमधून काढून हातात ठेवा, सही कुठे हवी ते बोट दाखवून सांगा, गडद जर्सीवर काळी सही दिसणारच नाही, फिकट आकाशावर किंवा पांढऱ्या जर्सीवर घ्या. पेन आपलं घेऊन जा. शोवाल्यांचं शार्पी (पक्क्या शाईचं मार्कर पेन) दुपारपर्यंत शेकडो सह्या करून बोथट झालेलं असतं आणि त्याची रेघ जाड, फिसकटलेली येते. आणि सही झाली की लगेच स्लीव्हमध्ये घालू नका, कार्ड कडेने धरून बाजूला व्हा, शाई सुकू द्या, मागच्या माणसाला पुढे येऊ द्या. दोन शब्द बोलायचे असतील तर पेन चालू असतानाच बोला. बहुतेक जुने खेळाडू मान वर करून बघतात आणि बोलतात, हेच तर पोस्टात मिळत नाही.

पैशाच्या आणि खऱ्या-खोट्याच्या बाबतीत मात्र समोरासमोरची सही निर्विवाद पुढे. १९९० च्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन चालवलं, त्यात खोट्या सह्यांचा कारखानाच सापडला, त्यात मदर तेरेसांच्या नावाने सही केलेला बेसबॉलसुद्धा होता, यावरून काय थराला गेलं होतं ते कळेल. तेव्हापासून सही पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांकडून तपासून घ्यायची पद्धत पक्की झाली, आणि मोठ्या शोमध्ये सही झाल्या झाल्या तिथेच खरेपणाचा स्टिकर लावून मिळतो. पोस्टाने आलेल्या सहीलाही तपासून घेता येतं, पण त्याची फी अनेकदा कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त, मग साध्या खेळाडूसाठी कशाला करायचं? ते पाकीट, पोस्टाचा शिक्का, सोबत आलेली चिठ्ठी सगळं कार्डाबरोबर ठेवा, तेवढं पुरे.

तिसरा रस्ता म्हणजे आधीच सही झालेलं कार्ड विकत घेणं, गेलेल्या खेळाडूंसाठी दुसरा इलाजच नाही. तिथे तारखा पाठ हव्यात. शार्पी बाजारात आलं १९६४ मध्ये. शिकागो कब्जचा केन हब्स, १९६२ चा रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू), फेब्रुवारी १९६४ मध्ये विमान अपघातात गेला. त्याची शार्पीने केलेली सही कोणी दाखवली तर ती खोटी समजायची आणि तिथून निघायचं. आणि टॉप्सचं १९६४ चं हब्स कार्ड तर श्रद्धांजलीचं आहे, त्याच्या मृत्यूनंतर छापलेलं, त्यावर त्याची सही असूच शकत नाही.

कुठलं कार्ड सहीला चांगलं, यावर मी तासभर बोलू शकते. १९५२, ५४, ५५, ५६, ५९, ६७ आणि ७१ च्या टॉप्सवर आधीच छापील सही आहे, तिच्यावर खरी सही आली की दोन्हींची खिचडी होते. १९५७ चं कार्ड मला सगळ्यात आवडतं, रंगीत फोटो, वर छापील सही नाही. १९५८ पण छान, खेळाडूच्या मागे नुसता एकच रंग, सही उठून दिसते. १९७१ च्या काळ्या कडा नुसत्या हाताळल्या तरी उडतात, ते पोस्टात घालूच नका. आणि चकचकीत, एकही घडी नसलेलं जुनं कार्ड सहीला देऊ नका, ते तसंच जास्त किमतीचं आहे. घडी पडलेलं, कोपरे झिजलेलं, कोणाच्या तरी खिशात राहिलेलं कार्ड घ्या, सही त्याच्यावरच शोभते. ओरिजिनल परवडत नसेल तर टॉप्सने १९५२ चा सेट १९८३ ला आणि १९५३ चा १९९१ ला पुन्हा छापला होता, त्यावर सही घेणारे भरपूर आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मला विचाराल तर फाटकं का होईना खरंच कार्ड.

एकाच कार्डावर दोन नवे खेळाडू असलेली रूकी कार्डं हा वेगळाच किस्सा. जेंकिन्सचं १९६६ चं कार्ड बिल सोरेलबरोबर आहे, नोलन रायनचं १९६८ चं जेरी कूझमनबरोबर. अशा कार्डावर दोन्ही सह्या हव्या असतील तर ज्याची मिळणं बेभरवशाचं त्याची आधी घ्या आणि शोमधली महागडी सही शेवटी. उलटं केलंत तर भरपूर पैसे मोजून सही घेतलेलं कार्ड तुम्ही पोस्टाच्या पेटीत टाकताय. रायनचं कार्ड तर खूपच महाग, ते पोस्टात अजिबात नको, दोघांच्या शोची वाट बघा.

वेळेचं सांगायलाच हवं. एकट्या २०२० मध्ये अल केलाइन, टॉम सीव्हर, लू ब्रॉक, बॉब गिब्सन, व्हाइटी फोर्ड, जो मॉर्गन आणि फिल नीक्रो गेले. २०२४ मध्ये विली मेज आणि ऑर्लँडो सेपेडा. १९५० च्या दशकात खेळलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास किंवा पुढे आहे, त्यामुळे त्यांची पत्रं या महिन्यात लिहा, सत्तरच्या दशकातल्यांना पुढच्या शोमध्ये भेटता येईल.

पुण्या-मुंबईहून करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी: परतीच्या पाकिटावर भारताचं तिकीट चालत नाही, ते पाकीट अमेरिकेतून निघणार म्हणून तिकीट अमेरिकेचंच लागतं, आणि पत्ता भारताचा असेल तर आंतरराष्ट्रीय दराचं. त्यापेक्षा तिकडे मावसभाऊ, वहिनी, कॉलेजची मैत्रीण कोणी असेल तर परतीचा पत्ता त्यांचा टाका, कार्ड देशातल्या देशात लवकर येतं, आणि कोणी सुट्टीत इकडे येताना बॅगेत घालून आणतं. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की अनोळखी हस्ताक्षरातलं, पुठ्ठा घातलेलं पाकीट आलं तर ते जाहिरात समजून टाकू नका.