इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: वेळ वाचेल म्हणून घेऊ नका, तरी घ्या

खोक्याच्या एका बाजूला पदार्थांची यादी छापलेली असते आणि प्रत्येकासमोर मिनिटं. त्या आकड्यांवर भाळून कुणी हे यंत्र घेणार असेल तर आधीच सांगते, ती मिनिटं मोजायला सुरुवात होते आत पुरता दाब तयार झाल्यावर. त्याआधी भांडं तापतं, पाणी उकळतं, वाफ कोंडते. आत किती ऐवज आहे आणि तो किती गार आहे यावर त्याला दहा मिनिटं लागतात, भांडं बरंच भरलेलं असेल तर वीसही. शिजून झाल्यावर वाफ आपली आपण जिरू द्यायची म्हटलं की आणखी दहा-पंधरा. आठ मिनिटांची म्हणून लावलेली डाळ ताटात पडेपर्यंत अर्धा तास सहज उलटतो.

गॅसवरचा साधा कुकर याच्याआधी मोकळा होतो. त्यात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १०० किलोपास्कल जास्त दाब असतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. बरेचसे इलेक्ट्रिक कुकर ७० ते ८० किलोपास्कलवरच थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. तीन-चार अंशांनी काय होतंय असं वाटेल, पण कडधान्य शिजताना ते जाणवतं. गॅसच्या कुकरच्या अंदाजाने वेळ लावलात तर चणे दाताखाली येणार.

हे सगळं माहीत असूनही विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ‘घे’ म्हणूनच सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी, माना, गुडघे दाबून संध्याकाळी घरी येते तेव्हा माझे अंगठे आणि मनगटं संपावर गेलेली असतात. त्या वेळी अर्धा तास नसतो असं नाही. नसतं ते ओट्याशी उभं राहायचं त्राण. शिट्ट्या मोजा, आच कमी करा, उतू जातंय का बघा, मध्येच फोन आला तर गॅसकडे कान ठेवा, हे नको असतं. इथे बटण दाबलं की माझा त्या जेवणाशी संबंध संपतो. मी अंघोळ करते, मग पाय भिंतीला टेकवून आडवी पडते. शिजून झालं की यंत्र स्वतःच आच तोडतं आणि अन्न गरम ठेवायला लागतं. लागलीच उठलं नाही तरी काही बिघडत नाही.

हे गरम ठेवणं नुसतं सोयीचं नाही. शिजवलेला भात बाहेर तसाच राहिला तर त्यातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, जे शिजवूनही मरत नाहीत, पुन्हा वाढायला लागतात आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम करूनही जात नाही. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं तर ही वाढ होत नाही. तेव्हा घेताना ‘कीप वॉर्म’चं तापमान माहितीपुस्तिकेत बघून घ्या. उरलेला भात मात्र रात्रभर त्यात ठेवू नका, काढून लगेच फ्रिजमध्ये टाका.

आता खरा प्रश्न, यात करायचं काय. माझ्याकडे सगळ्यात जास्त होतं ते डाळ-तांदूळ एकत्र. ‘सॉते’वर कांदा-लसूण परतायचं, तांदूळ आणि मसूर डाळ समप्रमाणात, दोन्हीच्या तिप्पट पाणी, फ्रीजरमधले मटार आणि गाजर न वितळवता तसेच. इथे एक गोष्ट चुकवायची नाही: पाणी घातल्यावर उलथन्याने बूड खरवडून घ्यायचं. परतलेल्या कांद्याचा थर बुडाला चिकटून राहिला तर तेवढ्या जागेवर उष्णता साठते, तळाचा सेन्सर घाबरतो आणि पडद्यावर ‘बर्न’ लिहून यंत्र गप्प बसतं. बूड स्वच्छ असेल तर ही वेळ येत नाही. दाबाखाली सहा-सात मिनिटं, मग निदान दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. डाळ-तांदळाला फेस येतो, आणि वाफ घाईने सोडली तर तो फेस झडपेतून पिवळ्या कारंज्यासारखा वर उडतो. त्याच कारणासाठी फुगणाऱ्या आणि फेसाळणाऱ्या पदार्थांना भांडं निम्म्याच्या वर भरायचं नसतं, बाकीच्यांना दोन तृतीयांशापर्यंत चालतं. दाब उतरला की झाकणावरची छोटी धातूची पिन ‘टक’ करून खाली पडते. आमच्याकडे जेवायला बोलवायचं काम ती पिनच करते, मुलगी आतल्या खोलीतून तो आवाज ऐकून येते.

नुसता भात करायचा तर पाणी तांदळाइतकंच. ज्यांना उघड्या भांड्यात दुप्पट पाणी घालायची सवय आहे त्यांना हे पटत नाही, पण बंद भांड्यातून वाफ जवळजवळ जातच नाही, मग जास्तीचं पाणी कशाला?

अंडी हा या यंत्राचा सर्वांत कमी गाजलेला गुण. तळाला एक कप पाणी, जाळीवर अंडी, पाच मिनिटं दाब, पाच मिनिटं तसंच, पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात. टरफल एका ओढीत निघतं. अंड्याला सुरुवातीलाच जोराची उष्णता बसली की आतला पापुद्रा टरफलाला धरून राहत नाही. त्याच जाळीवर बटाट्याच्या मोठ्या फोडी ठेवल्या तर त्याही होतात. वर मीठ, मिरपूड, जरा लोणी, आणि जेवण झालं. दमलेल्या दिवशी याच्यापुढे माझी मजल जात नाही आणि जावी असं वाटतही नाही.

पास्ता होतो, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्याला, एखादं मिनिट कमीच. ठीक असतो. सूप उत्तम. चणे भिजवलेले असतील तर पंधरा मिनिटांच्या आतबाहेर, कोरडे टाकले तर पाऊण तास. म्हणून मी ते सुट्टीच्या दिवशी भांडंभर शिजवून पिशव्यांत चपटे पसरून गोठवते. गोळा करून गोठवले तर ऐन वेळी फोडायला हातोडी लागेल.

बऱ्याच मॉडेलना ‘स्लो कुक’ (मंद आचेवर कित्येक तास शिजवणं) असतं आणि जाहिरातीत त्याचं फार कौतुक असतं. राजम्यासाठी ते वापरू नका. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते घालवायला राजमा खळखळून उकळावा लागतो. ८० अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या आचेवर ते तर जात नाहीच, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो. चार-पाच दाणेही उलट्यांना पुरतात. पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात दाबाखाली पुरता मऊ केलेला राजमा बिनघोर खा. विकतचा डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला ही भीती नाही.

उशिरा सुरू होण्याचं टायमर नवऱ्याला फार आवडलं. सकाळी सगळं भरून जायचं आणि परतल्यावर गरम जेवण. पाण्यात कडधान्य असेल तर हे छानच, भिजणंही होऊन जातं, फक्त कडक उन्हाळ्यात दिवसभर ठेवलं तर आंबतं. मांस, दूध, अंडी मात्र अशी ठेवायची नाहीत. दोन तासांहून जास्त वेळ ती बाहेर राहू नयेत, आणि झाकण लावलं म्हणून आत थंडावा थोडाच असतो.

काय जमत नाही तेही ऐका. कुरकुरीत काही होत नाही. पालेभाजीचा लगदा होतो. मासा एका मिनिटात शिजतो, पण कुकर तापेपर्यंत तो आधीच गेलेला असतो. टोमॅटोचा दाट रस तळाला बसून ‘बर्न’ मिळवून देतो. तो घालायचाच तर सगळ्यात शेवटी वरून ओतायचा आणि ढवळायचं नाही.

माझ्या कुकरचं नाव लिहीत नाही, कारण या तक्रारी बऱ्याच मॉडेलना लागू आहेत. आतल्या स्टीलच्या भांड्याला कान नाहीत. सहा लिटरचं भरलेलं, तापलेलं भांडं कड चिमटीत धरून उचलणं हा मनगटावर आणि अंगठ्याच्या सांध्यावर निव्वळ अन्याय आहे, मी माझ्या रुग्णांना नेमकी हीच पकड टाळायला सांगते. मी भांडं उचलतच नाही, डावाने आतूनच वाढते. कान असलेलं भांडं देणारं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. दुसरं, झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरते. लसणाचा वास दुसऱ्या दिवशीच्या गोड भातात उतरतो आणि साबणाने जात नाही. दुसरी रिंग घेऊन ती फक्त गोडासाठी ठेवणं हाच सरळ उपाय. तिसरं, बटणं. चौदा-चौदा कार्यक्रम, त्यातले बहुतेक म्हणजे दाब आणि वेळ यांचीच वेगवेगळी नावं. मी तीन वापरते.

भीतीचं म्हणाल तर ती जुन्या कुकरांच्या गोष्टींतून आलेली आहे. १६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडं मऊ करायला पहिला असा कुकर बनवला, तेव्हाच तो फुटू नये म्हणून सुरक्षा झडपही त्यालाच शोधावी लागली. आताच्या यंत्रांत आत दाब असेतो झाकण फिरतच नाही. काळजी एवढीच घ्यायची की वाफ वर उडते, तेव्हा भिंतीतल्या कपाटाखाली ठेवून वाफ सोडायची नाही.

दोघांना तीन लिटर पुरतं. चौघांना, किंवा माझ्यासारखं शिजवून गोठवणाऱ्यांना सहा. फक्त सहा लिटरच्या भांड्यात एकट्यापुरतं करायला जाल तरी कप-दीड कप पाणी लागतंच, नाहीतर दाब धरत नाही.

आणि इंडक्शनची शेगडी घरात असेल, तिला टायमर असेल आणि तुमच्याकडे तिच्यावर चालणारा स्टीलचा कुकर असेल, तर आधी त्यावर भागवून बघा. आच एकदा तुम्हालाच कमी करावी लागेल, पण बंद ती आपोआप होते. तेवढ्याने तुमचं काम होत असेल तर ओट्यावरची जागा आणि पैसे दोन्ही वाचतील.