तोडलेल्या रानावर घर: कोकणात मिळणाऱ्या 'पर्यावरण तपासणी'चं परीक्षण

रत्नागिरी-सिंधुदुर्गात विकायला निघणाऱ्या दहा-वीस गुंठ्यांच्या प्लॉटांपैकी बरेचसे हल्लीच लाकूडतोड झालेल्या रानाचे असतात. आधी लाकडाचा व्यापारी रान उक्तं घेतो, मग जेसीबी फिरतो, मग तांबडा रस्ता आणि तारेचं कुंपण, आणि शेवटी 'निसर्गाच्या कुशीत'ची जाहिरात. अशी जमीन घर बांधण्याआधी तपासून देणारे सल्लागार आता तालुक्याच्या गावीही मिळतात. कुणी त्याला पर्यावरण तपासणी म्हणतं, कुणी साइट रिपोर्ट, पण हातात पडणारी फाइल थोड्याफार फरकाने सारखीच असते. हे परीक्षण कुणा एका सल्लागाराचं नसून त्या फाइलचं आहे.

मत आधीच सांगून टाकू. कागदपत्रांचा भाग पैसे वसूल करतो. जमिनीचा भाग बहुतेक ठिकाणी उरकलेला असतो, आणि तोडलेल्या रानात धोका असतो तो नेमका तिथेच.

सुरुवातीलाच एक गैरसमज. फाइलबरोबर 'पर्यावरण मंजुरी काढून देऊ' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम क्षेत्राला. एकट्या घराला ती लागतच नाही, म्हणजे जी वस्तू नाही तिचे पैसे मागितले जातायत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा धाकही असाच दाखवला जातो. २०१४ पासून या क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघताहेत, जुलै २०२४ चा सहावा. मसुद्यात गावाचं नाव असलं म्हणून घर बांधायला बंदी येत नाही. मसुद्याचा रोख खाणी, दगडखाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि मोठे गृहप्रकल्प यांच्यावर आहे. गाव यादीत आहे की नाही हे अहवालात यायलाच हवं, पण तेवढ्यासाठी चार पानं रंगवलेली असतील तर ती पानभरती समजावी. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरानची गोष्ट वेगळी. तिथल्या अधिसूचना अंतिम आहेत आणि घरालाही लागू होतात.

खरी मेख आहे 'खाजगी वन' या नोंदीत. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी, रान बहुतेक लोकांच्या मालकीचं. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि खाजगी वनाच्या व्याख्येत बसणाऱ्या जमिनी सरकारजमा झाल्या. जिथे भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली (वन म्हणून निर्बंध घालण्याआधी मालकाला द्यायची) नोटीस कधीकाळी निघाली होती, त्या गटांच्या सातबाऱ्यावर पुढे केव्हातरी 'इतर हक्क' रकान्यात शेरा आला. २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉईसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस नुसती निघून भागत नाही. ती बजावली गेली पाहिजे आणि प्रक्रिया पुढे गेली पाहिजे. दलाल हा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण निकालाने तुमच्या गटावरचा शेरा आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी महसूल खात्यातली वेगळी प्रक्रिया पार पडावी लागते. दुसरी पळवाट १९७५ च्याच अधिनियमातल्या कलम २२अ ची: मूळ मालकाची एकूण धारणा १२ हेक्टरच्या आत असेल तर जमीन परत करण्याची तरतूद आहे. परत मिळाली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघायचा, आणि आदेश असला तरी वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर निर्बंध घालणाऱ्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमातून जमीन सुटली असं गृहीत धरायचं नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गोदावर्मन निकालातली 'वन' शब्दाची व्यापक व्याख्या (मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने वन ते वन) राज्यांनी तूर्त पाळावी असं म्हटलं आहे. झाडं तोडली म्हणून जमीन वन राहिली नाही, हा युक्तिवाद कागदावर टिकत नाही.

चांगला सल्लागार इथे ओळखू येतो. तो आजचा डिजिटल सातबारा जोडून मोकळा होत नाही. तसला सातबारा पंधरा रुपयांत कुणालाही घरबसल्या मिळतो. चांगला सल्लागार १९७५ च्या आधीपासूनचे हस्तलिखित सातबारे आणि शेऱ्याशी संबंधित प्रत्येक फेरफार काढतो, पिकाच्या रकान्यात 'वरकस', 'गवत', 'जंगल' असं काय काय लिहिलंय ते वर्षवार मांडतो. शिवाय परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, गट नंबर, आणि मागणी चारच गोष्टींची. तोडीचा परवाना, मार्किंगची (तोडीसाठी खुणावलेल्या झाडांची) झाडवार यादी, वाहतूक पास, आणि ३५(३)/२२अ बाबतची नोंद. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी कोकणातली बहुतेक मोठी झाडं आहेत. त्यांची तोड विनापरवाना झाली असेल तर वनखात्याची चौकशी जमिनीच्या मागे लागते, आणि तोवर विकणारा मुंबईला परतलेला असतो. यादीत वीस झाडं आणि जागेवर ताजे बुंधे साठ, हे गणित तर सल्लागाराशिवायही करता येतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात प्रकरण आणखी नाजूक, कारण तिथे २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीलाच मनाई केली. तिथला 'साफ केलेला प्लॉट' तोडीची तारीख कळल्याशिवाय घेऊच नये.

तारीख कशी काढतात हेही अहवालात दिसलं पाहिजे. गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत अंदाज येतो, पण दोन चित्रांत कधीकधी दोन-दोन वर्षांचं अंतर असतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, २०१५ पासूनची आहेत, आणि दर काही दिवसांनी नवं मिळतं. त्यांचा एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे दहा गुंठ्यांत जेमतेम दहा ठिपके. एवढ्यावर झाड मोजता येत नाही, पण रान कोणत्या हंगामात गेलं हे कळतं. चूक होते ती महिना निवडताना. साग, ऐन, किंजळ उन्हाळ्यात पानं गाळतात, त्यामुळे डिसेंबरचं चित्र आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं की उभं रानही तोडलेलं वाटतं. तुलना डिसेंबर-जानेवारीची त्याच महिन्यांशीच हवी. तारखा न लिहिता 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी दोन चित्रं चिकटवलेला अहवाल परत पाठवावा.

आता जमिनीकडे. दरडीच्या प्रकरणात जवळपास प्रत्येक फाइलीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा रंगीत नकाशा असतो आणि त्यावर प्लॉटचा टाचणीएवढा ठिपका. नकाशा उत्तम आहे, वापर चुकीचा. १:५०,००० प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दहा गुंठ्यांचा चौरस प्लॉट बाजूला सुमारे ३२ मीटर, म्हणजे नकाशावर पाऊण मिलिमीटरही नाही. डोंगराची जात कळायला हा नकाशा घ्यावा, पण 'आपला प्लॉट हिरव्या (म्हणजे कमी धोक्याच्या) पट्ट्यात आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) यांच्यानंतर तरी हे वाक्य अहवालातून जायला हवं होतं.

झाड तोडल्यावर उतार लगेच सुटत नाही, आणि फसवणूक इथेच होते. मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात. ती कुजत जातात तशी पकड सैल होते, आणि नवीन झाडांची मुळं ती जागा भरून काढेपर्यंत मधला काळ नाजूक असतो. जगभरच्या अभ्यासांत हा काळ तोडीनंतर साधारण ३ ते १५ वर्षांचा धरतात. उष्ण, ओल्या हवेत कुजणं लवकर सुरू होतं. म्हणजे 'दोन पावसाळे काढले, काही झालं नाही' ही विकणाऱ्याची हमी नेमकी उलटी वाचायची. कोकणातली एक गोष्ट मात्र पथ्यावर पडते: ऐन, किंजळ, जांभूळ, साग यांच्या बुंध्यांना धुमारे फुटतात आणि जुनी मुळं जिवंत राहतात. म्हणून पाहणीत प्रत्येक मोठ्या बुंध्याची नोंद हवी: धुमारे आहेत का, साल सुटली का, कोयत्याचं टोक लाकडात सहज जातं का. टोक मऊ पावात गेल्यासारखं गेलं तर ते मूळ माती धरत नाही. आणि जेसीबीने बुंधे उपटून जमीन 'स्वच्छ' केली असेल तर हा हिशेबच संपला. असा प्लॉट दिसायला सर्वांत देखणा आणि उतारावर सर्वांत वाईट.

त्याखाली काय आहे? वर जांभा, खाली शेडी, ही कोकणातली नेहमीची रचना. शेडी म्हणजे पांढरी-गुलाबी-जांभळट चिकणमाती, ओली झाली की हाताला साबणासारखी लागते. जांभ्यातून पाणी झरझर उतरतं, शेडीवर अडतं, आणि त्या ओल्या थरावरून वरचा भाग घसरतो. हाताच्या ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) दोन-तीन मीटर खोल तीन भोकं (घराच्या वर, घराच्या जागी, खाली) घेतली तर शेडी किती खोल हे कळतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, तरी फारच थोडे अहवाल ते करतात. उताराचं मोजमापही बहुतेक जण मोबाइलवर उरकतात. दोन काठ्या आणि पाण्याची पारदर्शक नळी पुरते: आडव्या १० मीटरला २ मीटर उतार म्हणजे १:५, आणि त्याहून उभ्या जागी बांधकामाला प्रादेशिक योजनांमध्ये सहसा अडकाव येतो. नियम काही म्हणो, शेडी उथळ असेल तर त्याहून सौम्य उतारही कापायची घाई नको. घरासाठी पायरी कापायचीच असेल तर संरक्षक भिंतीत १ ते १.५ मीटरवर पाणी निघायची भोकं, भिंतीमागे खडी, आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर, हे तिन्ही अहवालाच्या रेखाचित्रात दिसलं पाहिजे. नुसतं 'योग्य निचरा करावा' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही.

लाकूड ओढायला केलेला ट्रकचा रस्ता वेगळा दाखवलेला हवा. चाकांनी दाबलेल्या त्या पट्ट्यात पाणी मुरत नाही, पावसाळ्यात तोच ओढा होतो, आणि प्लॉटवाला बहुधा त्यालाच 'अंतर्गत रस्ता' म्हणून विकतो. पावसाचा अंदाज यावा म्हणून: वर्षाला ३,००० मिलिमीटर धरले तरी दहा गुंठ्यांवर ३० लाख लिटर पाणी पडतं. रान असताना त्यातलं बरंचसं पाचोळ्यात आणि मातीत जिरायचं.

उपटलेल्या बुंध्यांचे खड्डे ही दुसरी चोरटी अडचण. त्यात फांद्या-मुळं लोटून वर तांबडी माती ओढतात. दोन-तीन वर्षांत आतलं कुजतं, जोतं एका कोपऱ्याला बसतं आणि चिऱ्याच्या भिंतीला तिरकी भेग जाते. जोत्याखालचा प्रत्येक असा खड्डा उकरून, लाकूड काढून, २०-२५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकून भरावा लागतो. वाळवीही त्याच पुरलेल्या लाकडावर पोसते. भारतीय मानक ६३१३ प्रमाणे पायाच्या खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना, तसंच जोत्याच्या भरावावर, चौरस मीटरला वाळवीच्या औषधाचं ५ लिटर द्रावण, आणि पायाच्या भिंतीला लागून भरलेल्या मातीत ७.५ लिटर. कंत्राटदार बहुधा फक्त जोत्यावर फवारतो आणि पूर्ण बिल लावतो. औषध मारायच्या दिवशी हजर राहावं आणि पाऊस असेल तर काम पुढे ढकलावं.

सांडपाण्याबद्दल फाइलीत एक ओळ असते: 'सेप्टिक टँक व शोषखड्डा प्रस्तावित'. मानकानुसार शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा, पण भेगाळ जांभ्यात पाणी मातीसारखं गाळून जात नाही, थेट वाहतं. तिथे १८ मीटरवर विसंबू नये. विहिरीच्या खालच्या अंगालाच खड्डा घ्यावा. शेजाऱ्याची विहीरही मोजायची, ते कुणी करत नाही.

वणव्याचा उल्लेख तर जवळपास नसतोच. तोडीनंतर रानमोडीचं तण आणि गवत माजतं, मार्चपर्यंत वाळून खडखडीत होतं. घराभोवती जाळरेषा (गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) ठेवायची, पण कापलेलं गवत तिथेच पेटवायचं नाही.

सेवा घ्यायचीच असेल तर कामाच्या पत्रातच दोन पाहण्या लिहून घ्या. एक जुलै-ऑगस्टमध्ये, धो धो पावसानंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवे उमाळे (जमिनीतून फुटलेले झरे), कमानीसारख्या भेगा, गढूळ झालेली विहीर दिसते. दुसरी एप्रिल-मेमध्ये, विहिरीचं पाणी मोजायला. ऑक्टोबरात एकदाच येऊन हिरवळीचे फोटो काढणाऱ्याला कागदपत्रांपुरतेच पैसे द्यावेत. ऑगरच्या भोकांचे फोटो, त्यातून निघालेली माती क्रमाने रांगेत मांडून, बुंध्यांची यादी, नळीने मोजलेले उतार, माहिती अधिकाराचं उत्तर: एवढं जोडल्याशिवाय अर्धी रक्कम राखून ठेवायची, हेही पत्रातच. चांगले सल्लागार ही अट कुरकुर न करता मान्य करतात. बयाणा मात्र माहिती अधिकाराच्या उत्तराआधी देऊ नये, दलाल 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणाला तरी.