कोकणकन्येच्या फर्स्ट एसीने कुत्र्याला घेऊन मुंबई ते कुडाळ

कुत्र्याला घेऊन गावी जायचंय अशा सगळ्यांना आधीच सांगते, कुपे (फर्स्ट क्लासमधला दार लावता येणारा छोटा कप्पा) मिळाला तर ट्रेनसारखं सुख नाही, आणि नाही मिळाला तर कुत्र्याला घेऊन त्या दिवशी निघूच नका.

आमचा बंड्या गावठी, अठरा किलोचा. कारमध्ये बसला की ओकतो, कशेडी घाट म्हणजे तर त्याच्या पोटात काही राहतच नाही, म्हणून शिमग्याला जाताना नवरा म्हणाला यावेळी ट्रेन बघूया. आता नियम असा आहे की कुत्रा तुमच्यासोबत फक्त फर्स्ट क्लासमध्ये येऊ शकतो, तेही अख्खा कुपे किंवा अख्खी केबिन तुमच्या नावावर असेल तरच. कुपे दोन बर्थचा, केबिन चार बर्थची. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार यात नाही चालत, त्यामुळे वंदे भारत, तेजस, जनशताब्दी वगैरे विसराच. कोकणकन्या आणि मांडवी दोन्हींना फर्स्ट एसी आहे, आम्ही रात्रीची कोकणकन्या घेतली कारण रात्री तो तसाही झोपतो.

खरी गंमत तिकिटात नाही, चार्टमध्ये आहे. फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म झालं तरी त्यावर कुपे की केबिन ते लिहिलेलं नसतं, ते चार्ट लागल्यावर कळतं. म्हणजे तुम्ही दोघं, पैसे भरलेले, बॅगा भरलेल्या, आणि चार्टमध्ये चारच्या केबिनमध्ये दोन अनोळखी लोकांसोबत नावं आली तर कुत्र्याचं काय करायचं? म्हणून दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि कुपे मिळावा म्हणून रेल्वेच्या कमर्शियल ऑफिसात आधीच अर्ज द्या, त्यात कुत्रा सोबत आहे हे स्पष्ट लिहा. आम्ही दिला होता आणि कुपे मिळाला, पण अर्ज म्हणजे गॅरंटी नाही हे लक्षात ठेवा. मला मनापासून वाटतं की कुत्रा सोबत असणाऱ्यांना तिकीट काढतानाच कुपे ठरवून द्यायला हवा, हवं तर जास्त पैसे घ्या. माणूस शेवटच्या क्षणापर्यंत टांगणीला लागतो आणि नेमकी त्याच दिवशी मुक्या जनावराची सगळी तयारीही करायची असते.

कागद म्हणाल तर लसीकरणाचं पुस्तक (रेबीजची तारीख बघून घ्या) आणि प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी डॉक्टरकडून घेतलेलं फिटनेस सर्टिफिकेट. दोन्हीच्या झेरॉक्स ठेवा. स्टेशनवर पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचं लगेजसारखं बुकिंग करायचं, पावती मिळते, ती जपून ठेवा कारण टीसी तीच बघतो. पैसे तिकिटाच्या मानाने किरकोळ. बिनापावतीचा कुत्रा सापडला तर लगेजच्या दराच्या सहापट वसूल करतात, तेव्हा चोरून वगैरे नेण्याच्या भानगडीत पडू नका.

आम्ही राहतो ठाण्याला तरी सीएसएमटीला जाऊन चढलो. गाडी तिथूनच सुटते त्यामुळे प्लॅटफॉर्मला लागल्यावर सावकाश चढता येतं, ठाण्याला दोन-तीन मिनिटांत बॅगा, कुत्रा आणि गर्दी हे जमणार नाही.

आत गेल्यावर मात्र मन शांत झालं. दार आतून लावता येतं, खाली बंड्याची जुनी चादर टाकली, तो दोन गोल फिरून जो पसरला तो पनवेल गेलं तरी हलला नाही. अटेंडंट दादांनी स्वतःहून विचारलं याला पाणी हवंय का. एसी खूप थंड होतो, कुत्रा फरशीवर असतो त्यामुळे त्याला वर बसणाऱ्यापेक्षा जास्त गार लागतं, एक जाड पांघरूण त्याच्यासाठी वेगळं न्याच. निघायच्या चार-पाच तास आधी जेवण थांबवलं होतं, फक्त थोडं थोडं पाणी, एकदाही ओकला नाही!! रत्नागिरीच्या आधी करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तिथे आवाज बदलला तसा उठून कान टवकारून बसला, नवऱ्याने पाठीवर हात ठेवला तर पुन्हा झोपला. रत्नागिरीला गाडी जरा जास्त थांबते म्हणून पट्टा लावून खाली नेला पण शू काही केली नाही साहेबांनी, थेट कुडाळला उतरल्यावर. म्हणून चढायच्या आधी नीट फिरवून आणा आणि पी पॅड (शू शोषून घेणारा कागदी पॅड) जवळ ठेवा.

दुसरा पर्याय असतो ब्रेक व्हॅनमधला डॉग बॉक्स, गार्डच्या डब्यात. कृपया नका देऊ. लोखंडी पेटी, अंधार, एसी नाही, रुळांचा आवाज, आणि मालक दुसऱ्या टोकाला, मधल्या स्टेशनवर धावत जाऊन पाणी पाजायचं. एप्रिल-मेमध्ये तर विचारही करू नका. ज्या कुत्र्याला घरात दार लावलं तरी घाबरायला होतं त्याला रात्रभर तिथे कोंडणं मला पटत नाही, नियमात बसत असलं तरी.

परतीसाठी फिटनेस सर्टिफिकेट पुन्हा नवीन लागतं, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं, सुट्टीचा दिवस बघून जा. कुडाळला गाडी थोडाच वेळ थांबते, तेव्हा बुकिंग कुठे होतं आणि फर्स्ट एसीचा डबा कुठे येतो हे आम्ही आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारून ठेवलं होतं.

कुपेला पाचपैकी पाच, बुकिंगच्या पद्धतीला दोन. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तरी खालच्या जागेत आरामात मावेल.